गिअरबॉक्स धुतला म्हणाला, बोल्टला पाना पण लावला नव्हता

जुना ट्रॅक्टर ठेवणाऱ्यांनी वाचाच, माझे पैसे गेले ते गेले.

आमचा ट्रॅक्टर जुन्या पद्धतीचा, गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक सगळ्यांना मिळून एकच ऑइल. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं, तिथून कित्येक पावसाळे पाणी आत गेलं आणि ऑइल पार दुधाळ झालं, लिफ्ट पण झटके मारत उचलायची. मिस्त्री म्हणाला तळाला गाळ बसलाय, कव्हर खोलून आतून धुऊन देतो आणि रबर पण नवीन टाकतो, दोन दिवस ठेवा. ठेवला. घ्यायला गेलो तर डिपस्टिक काढून दाखवली, ऑइल एकदम स्वच्छ, शेजारी काढलेल्या घाण ऑइलचा डबा मुद्दाम मांडलेला, आणि मी येडा खूश होऊन पूर्ण मजुरी देऊन आलो.

महिन्यात परत दुधाळ, परत झटके. फोन केला तर म्हणे "सील गेलंय साहेब, आता सगळं खोलावं लागेल". तेव्हा डोक्यात किडा वळवळला, बॅटरी घेऊन खाली वाकलो. साइड कव्हरच्या बोल्टवर जुना रंग जसाच्या तसा, बोल्ट कव्हरला टेकतो त्या फटीत पण रंग सलग, केसाएवढी चीर नाही. पाना लागला असता तर तो तडकला नसता का? ड्रेन प्लग तीन, त्यातला एकच चकाकत होता, बाकी दोघांवर वाळलेला चिखल.

मग मीच खोललं. थोडा चालवून ऑइल गरम केलं, तिन्ही प्लग काढून रात्रभर गळू दिलं. सकाळी हात घातला तर तळाला चार बोटं गाळ, ग्रीससारखा चिकट, आणि बसलाय कुठे तर प्लगच्या भोकाच्या खाली, म्हणजे नुसतं ऑइल सोडून तो जन्मात निघत नाही, खरवडूनच काढावा लागतो. हायड्रॉलिक पंपाची जाळी अर्धी बुजलेली, लिफ्टचे झटके त्याचेच. डिझेल भरून ट्रॅक्टर फिरवा म्हणणारे पण भेटतात, मी नाही फिरवला, डिझेलमध्ये वंगण कितीसं आणि सुटलेला गाळ जाणार कुठे, पंपात आणि बेअरिंगमध्येच ना. ब्रशने धुतलं, पुसून वाळवलं. पेट्रोलने तर अजिबात धुऊ नका, भडका उडेल.

अजून एक, त्याने टाकलेलं ऑइल जीएल-५ निघालं, म्हणजे जास्त दाबाच्या गिअरसाठीच्या दर्जाचं. त्यातली काही अ‍ॅडिटिव्ह जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी बुशला खातात. आता पुस्तकात दिलंय तेच भरलंय. रबर? तेही फाटकंच होतं, वरून सिलिकॉन फासलेलं.

बोल्टचा फोटो मिस्त्रीला पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही. आता कुणाकडेही काम द्यायच्या आधी प्रत्येक बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका देतो, अर्धा बोल्टवर अर्धा कव्हरवर. बाटली मुलीची आहे, ती अजून शोधतेय.