डीअर करायचंय, पण एक्स-बँडवर की क्यू-बँडवर?

प्रथिनात दोन जागी सिस्टीन बसवून झाले, त्यांच्यावर एमटीएसएल हे लेबलही (एकटा इलेक्ट्रॉन असलेला छोटा रेणू) चढलं. आता डीअरने, म्हणजे मायक्रोवेव्ह पल्स देऊन अशा इलेक्ट्रॉनांमधलं अंतर काढणाऱ्या प्रयोगाने, दोन लेबलांमधलं अंतर मोजायचं, तर नमुना कुठल्या यंत्रावर न्यायचा? एक्स-बँड म्हणजे मायक्रोवेव्हची वारंवारता साधारण 9.5 गिगाहर्ट्झ आणि क्यू-बँड म्हणजे 34. चार पल्सचा प्रयोग दोन्हीकडे तोच, 50 केल्व्हिनचं तापमानही तेच.

खरा फरक पडतो तो संवेदनशीलतेत. 150 वॅटचा अँप्लिफायर जोडलेला असेल, तर क्यू-बँडवर ती दहापटीच्या घरात वाढते. गोंगाट कमी व्हायला वेळ वर्गाच्या हिशेबाने लागतो, म्हणजे एक्स-बँडवर रात्रभर चालणारं मोजमाप इथे काही मिनिटांत उरकतं. 100 मायक्रोमोलरला गोळा होणारं प्रथिन 20 वर शांत राहत असेल, तर मला क्यू-बँडशिवाय दुसरा पर्याय दिसत नाही. मात्र अँप्लिफायर दोन-चार वॅटचाच असेल, तर पल्स लांबतात, मॉड्युलेशन (अंतर सांगणारं सिग्नलमधलं आंदोलन) उथळ होतं आणि फायद्यातला बराचसा भाग तिथेच जिरतो. वेळ आरक्षित करण्याआधी ‘पॉवर किती?’ हे विचाराच.

एक्स-बँडची दुसरी कटकट ड्युटेरियमची, म्हणजे द्रावणात जड पाणी वापरलं की येणाऱ्या जड हायड्रोजनची. तिथल्या चुंबकीय क्षेत्रात त्याची वारंवारता 2.2 मेगाहर्ट्झच्या आसपास येते. आता डीअरचं सूत्र लावून बघा: मेगाहर्ट्झमधली वारंवारता म्हणजे 52 भागिले नॅनोमीटरमधल्या अंतराचा घन. उत्तर येतं 2.9 नॅनोमीटर, आणि प्रथिनात असं अंतर अगदी सहज खपून जातं! पल्समधला वेळ थोडा थोडा बदलून सरासरी घेतली की हे भूत बरंच उतरतं. क्यू-बँडवर ते मुळातच फिकं असतं.

मग एक्स-बँड कशाला? हाताशी असेल, प्रथिन भरपूर असेल आणि अंतर 2 ते 4 नॅनोमीटर असेल, तर खुशाल वापरा. लेबल ताठर असेल तर उलट तेच सोयीचं, कारण क्यू-बँडवर रेणूच्या ठरावीक दिशाच निवडल्या जाऊन अंतराचं चित्र तिरकं येऊ शकतं. एमटीएसएल लवचिक असल्याने त्याच्या बाबतीत ही काळजी सहसा नसते.

6 नॅनोमीटरच्या पुढे जायचं असेल, तर बँडपेक्षा द्रावणावर खर्च करा. तिथे एका आवर्तनालाच 4 मायक्रोसेकंद लागतात आणि साध्या पाण्यात प्रतिध्वनी (पल्सनंतर नमुन्यातून परत येणारा सिग्नल) तोवर विझत आलेला असतो. जड पाणी, ड्युटेरेटेड ग्लिसरॉल आणि जमल्यास प्रथिनही ड्युटेरेटेड, हे आधी. यंत्र कुठलं ते नंतर बघू.