कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल: काही महिने घेतल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगते. माझी एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकलेली, डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. त्या दुखण्यात सुरुवातीच्या काही रात्री ट्रामाडॉलमुळे झोप लागली, एवढं श्रेय या गोळीला देते. त्यानंतर फायदा आटत गेला आणि गोळी मात्र सुटेना. तुम्हाला कंबरेसाठी ही गोळी लिहून मिळाली असेल, तर ती कधी आणि कशी बंद करायची हे त्याच दिवशी विचारून घ्या. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि याचा मला आजही राग आहे.

माझ्या गोळीत दोन औषधं एकत्र होती: ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. पट्टीवर कंपनीचं नाव मोठं आणि घटक बारीक अक्षरांत, त्यामुळे घरात सगळे तिला 'कंबरेची गोळी' म्हणायचे. मॉर्फिन मेंदूत जिथे काम करतं तिथेच ट्रामाडॉलही करतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शिवाय पॅरासिटामॉल आत आहेच, म्हणजे ताप आला म्हणून वरून क्रोसिन घेतली तर तेच औषध दुप्पट पोटात जातं आणि यकृतावर ताण येतो.

गोळी घेतल्यावर दुखणं नाहीसं होत नव्हतं. दुखतंय हे कळायचं, पण त्याचं काही वाटायचं नाही. बँकेत काउंटरवर बसून काम करणाऱ्या बाईला हे फार मोठं वाटतं. सुरुवातीला मळमळ आणि चक्कर होती, ती ओसरली. बद्धकोष्ठ मात्र शेवटपर्यंत गेलं नाही. रोज रात्री इसबगोल घेऊनही पोट दगडासारखं. नंतरच्या डॉक्टरांनी समजावलं, की हे औषध आतड्याची हालचालच मंद करतं, तिथे नुसता कोंडा वाढवून भागत नाही. सोनामुखीसारखं आतड्याला हलवणारं औषध लागतं. दुपारी इतकी पेंग यायची, की स्कूटर चालवणं मी सोडून दिलं.

पुढे एका गोळीचा असर संध्याकाळपर्यंत टिकेना. साडेचार वाजले की माझी नजर घड्याळाकडे. दोनाच्या तीन गोळ्या झाल्या आणि कंबर होती तिथेच. शरीर सरावतं आणि तेवढ्याच आरामासाठी जास्त मात्रा मागतं, हा या औषधांचा स्वभावच आहे.

मग मी वाचायला लागले. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. नव्याने उद्भवलेल्या कंबर आणि मानदुखीच्या ३४७ रुग्णांपैकी काहींना ऑक्सिकोडोन हे मॉर्फिनच्या जातीचं औषध असलेली गोळी दिली, काहींना औषध नसलेली. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. अमेरिकेत २०१८ साली २४० माजी सैनिकांवर वर्षभराचा अभ्यास झाला. जुनाट कंबरदुखी किंवा गुडघ्या-खुब्याच्या दुखण्यात मॉर्फिनच्या जातीची औषधं साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. या अभ्यासांत मुख्य औषध ट्रामाडॉल नव्हतं, हेही सांगायला हवं. पण माझ्या कंबरेची कहाणी त्यांच्याशी जुळत होती.

गोळी सोडण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ते कोणी लिहीत नाही. गावी लग्नाला गेले तेव्हा पट्टी संपली. दुसऱ्या दिवशी सारख्या जांभया, नाकातून पाणी, थंडीत घाम. रात्री पाय अंथरुणात ठरेनात. उठून ओट्यापाशी येरझारा घालत होते. जुलाब झाले. सासूबाईंना वाटलं पाणी बाधलं. परत आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी एका वाक्यात उलगडा केला: औषध अचानक तुटलं. त्यांनी एकेक गोळी कमी केली, मध्ये पुरेसे दिवस जाऊ देत, आणि रात्रीची सगळ्यात शेवटी. कमी करताना चिडचिड झाली, डोळ्याला डोळा लागत नव्हता. पण लग्नातल्या त्या रात्रीसारखं पुन्हा झालं नाही. नियमित घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका.

ट्रामाडॉल २०१८च्या एप्रिलपासून एनडीपीएस, म्हणजे अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या, कायद्याखाली आहे. शेड्यूल एच१मध्येही आहे, म्हणजे केमिस्टने चिठ्ठी बघून रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवायला हवं. आमच्या कोपऱ्यावरचा केमिस्ट म्हणायचा, "ताई, नवीन चिठ्ठी आणा, त्याशिवाय देत नाही." तेव्हा त्याचा राग यायचा. दोन गल्ल्या पलीकडे मात्र जुनी चिठ्ठीही न बघता पट्टी काढून द्यायचे. आता मी त्या पहिल्या दुकानातूनच सगळी औषधं घेते.

एक गोष्ट ठासून सांगते: हे सगळं माझ्यासारख्या कंबरदुखीबद्दल आहे. कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिनला पर्याय शोधत बसणं हा रुग्णावर अन्याय आहे. माझ्या काकांचे शेवटचे दिवस मॉर्फिनमुळेच सुसह्य झाले.

सध्या फिजिओथेरपिस्टने बसवून दिलेले व्यायाम करते: पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, कळ पोटरीतून वर कंबरेकडे सरकली की बरोबर चाललंय. सकाळी चालते. काउंटरवर दर अर्ध्या तासाने उभी राहते. जास्त बसणं झालं की अजून दुखतं, पण पायातली कळ गेली आहे.

परवा शेजारच्या वहिनींची पाठ भरली, तर त्या उरलेल्या गोळ्या मागायला आल्या. मी दिल्या नाहीत. त्या नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम घेतात आणि ट्रामाडॉल त्यासोबत पडलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन फार वाढून जिवावर बेतू शकतं, फिटही येऊ शकते. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत घेतलं तर श्वास मंदावण्याची भीती. वहिनींना म्हटलं, डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. संध्याकाळी आम्ही दोघी मिळून जाऊन आलो.