स्क्रॅचज्युनिअर, आठ महिन्यांनंतर: गोष्ट टॅबच्या बाहेर येत नाही

गेल्या महिन्यात आमच्या शाळेचा एक टॅब सर्व्हिस सेंटरमधून परत आला. चार्जिंग नीट होत होतं, काच पुसून स्वच्छ केली होती, आणि आत एकही गोष्ट शिल्लक नव्हती. ४३ होत्या. जुलैपासून दुसरी-तिसरीच्या मुलांनी स्क्रॅचज्युनिअर या ॲपवर केलेल्या, स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं. आज रविवार आहे, लिहून टाकते.

ॲप काय आहे ते बहुतेकांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात. सूचनांचे ठोकळे रांगेत जोडून पात्रं हलवायची, बोलवायची आणि त्यातून गोष्ट करायची. टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटीच्या लोकांनी ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी केलेलं, २०१४ मध्ये आयपॅडवर आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर आलेलं, पूर्ण फुकट. जाहिरात नाही, लॉगिन नाही, नेट लागत नाही. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, त्यामुळे नेट लागत नाही यासाठीच मी ते निवडलं. दोन टॅब लोकवर्गणीतले, प्रत्येकी ९,५०० रुपयांचे. मुलं २१.

शाळा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, दोनशिक्षकी. दिवाळीनंतर निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मुलं आजीजवळ राहतात. पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात घरं पुन्हा भरतात. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आधी जे मनापासून आवडलं ते. ठोकळ्यांवर अक्षरं नाहीत, फक्त चित्रं आहेत. वाचनात मागे असलेली मुलं पहिल्या दिवसापासून बरोबरीने बसली. पण खरी कमाल पाकिटाच्या ठोकळ्याची. हिरवा झेंडा दाबला की सगळी पात्रं एकदम सुरू होतात. त्यामुळे पहिल्या महिन्यात प्रत्येक गोष्टीत आजी, शेळी आणि लांडगा एकाच वेळी बोलायचे. पाकिटं सहा रंगांची असतात: एका पात्राने केशरी पाकीट पाठवायचं, आणि ज्याच्या रांगेच्या सुरुवातीला केशरी पाकीट लावलंय त्याने ते मिळाल्यावरच बोलायचं. तिसरीतला एक मुलगा मला म्हणाला, "बाई, आधी तिचं बोलणं संपू द्यावं लागतं, मग पाकीट द्यायचं." संवाद लिहिताना एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यातून निघतं, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवत आले. त्या मुलाला ते पाकिटाने शिकवलं. आता वहीत लिहितानासुद्धा मुलं दोन संवादांच्या मध्ये छोटं पाकीट काढतात. मी ते खोडत नाही.

तयार चित्रांत बैलगाडी नाही, कोयता नाही, कोपी (ऊसतोड कामगारांची झोपडी) तर नाहीच. याचा मला सुरुवातीला राग आला होता. मग चित्रकलेच्या भागातला कॅमेरा सापडला. एक मोठा चौकोन काढायचा, कॅमेरा निवडून त्यावर बोट ठेवायचं, की समोरचं दृश्य त्या चौकोनात येऊन बसतं. मुलं कागदावर कोपी काढतात, तिचा फोटो चौकोनात भरतात, आणि कागदावरची कोपी पात्र होऊन चालू लागते. पेन्सिलच्या रेघा तशाच दिसतात. ते मला तयार चित्रांपेक्षा कितीतरी चांगलं वाटतं.

एका गोष्टीला चारच पानं मिळतात. सप्टेंबरात मी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांना ठामपणे सांगितलं होतं की हे फार तोकडं आहे. ते मत मी आता बदललंय, पण पूर्ण नाही. "मग तो गेला, मग तो आला, मग तो झोपला" अशी गोष्ट चार पानांत मावत नाही, तेव्हा काय ठेवायचं यावरून मुलं भांडतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं. तरी मला सहा हवी होती. जाणं, मधला काळ आणि परत येणं एवढं सांगायचं म्हटलं तर चार पानं कमीच पडतात, आणि आमच्या मुलांची निम्मी गोष्ट तीच असते.

आता मूळ दुखणं. या ॲपमधून गोष्टीचा व्हिडिओ निघत नाही.

प्रोजेक्टच्या पानावर वरच्या पिवळ्या कोपऱ्यात शेअरची सोय आहे. पण तिथून जी फाइल जाते ती उघडायला समोरच्याकडेही हेच ॲप लागतं. ऊसतोडीला गेलेल्या आईच्या फोनवर, जो बऱ्याचदा टोळीतल्या तीन घरांत मिळून एक असतो, तिथे कोण ॲप टाकणार आणि कोण फाइल उघडणार? तिला व्हिडिओ पाहिजे. व्हॉट्सॲपवर बोट ठेवलं की लेकराचा आवाज ऐकू आला पाहिजे.

स्क्रीन रेकॉर्डरही करून पाहिला. आमचे टॅब अँड्रॉइड ९ चे. चालू असलेल्या ॲपचा आवाज आतल्या आत टिपण्याची मुभा अँड्रॉइड १० पासून मिळाली, आणि सिस्टिमचा स्वतःचा रेकॉर्डर ११ मध्ये आला. म्हणजे आमच्या टॅबवर चित्र येतं, पण आवाज स्पीकरमधून बाहेर पडून माइकमधून परत आत जातो. गोष्ट विहिरीतून सांगितल्यासारखी वाटते. नवीन टॅब घ्या, असं सांगणाऱ्यांना नम्रपणे विचारते की वर्गणीसाठी पुन्हा कुणाच्या दारात जाऊ?

शेवटी पोषण आहाराच्या धान्याच्या खोलीत सोय केली. खिडकीवर सतरंजी, दोन विटांवर माझा फोन, समोर तांदळाच्या पोत्याला टेकवून टॅब. एक मूल झेंडा दाबतं, मी फोनवर शूटिंग करते. काचेत कुणाचं ना कुणाचं प्रतिबिंब येतंच. एका गोष्टीला दहा मिनिटं जातात, मधल्या सुट्टीत दोन होतात. नोव्हेंबर ते जानेवारी अशा १७ गोष्टी मी पालकांना पाठवल्या.

पहिली दुसरीतल्या एका मुलीची होती. चार पानं, आणि त्यातलं तिसरं पान सगळं काळं, कारण ती रात्र होती. आवाज तिचाच: "आई, शेळी व्याली. दोन पाटी अन् एक बोकड. बोकड काळाय. तू आली की नाव ठेवू." रात्री साडेनऊला उसाच्या फडावरून तिच्या आईचा आवाज आला. ती इतकी बोलली की मेसेज तीन मिनिटांचा झाला. मी तो दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला एकटीला ऐकवला. तिने दोनदा ऐकला आणि म्हणाली, "आता पुढची करू का?"

म्हणून माझी चिडचिड एवढी आहे. गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोचली तर मूल दुसरी गोष्ट करतं. ज्यांची गोष्ट टॅबमध्येच राहिली, त्यांनी दोन-तीन करून सोडून दिली. हे मी आठ महिने डोळ्यांनी पाहिलंय.

आता सर्व्हिस सेंटर. शहरातलं अधिकृत आहे, नाव लिहीत नाही. तक्रार एवढीच होती की चार्जर वाकडा धरला तरच चार्जिंग होतं. आधी म्हणाले, बोर्ड बदलावा लागेल, ४,२०० रुपये. मी म्हटलं, पिन सैल आहे, हलवून बघा. तासभर वाद घातल्यावर पिनवर आले, ९०० रुपये. टॅब हातात घेतला तर पूर्ण रिकामा. "मॅडम, डेटाची जबाबदारी ग्राहकाची असते, पावतीमागे छापलंय." पिन बदलायला टॅब का पुसावा लागतो, या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिघांपैकी एकानेही दिलं नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्या टॅबची तीच पिन गेली. ती मी बस स्टँडसमोरच्या दुकानात बदलून घेतली. २५० रुपये, अर्धा तास, माझ्या डोळ्यांसमोर, आणि आतलं सगळं जागच्या जागी. वॉरंटी संपली असेल तर सरळ अशा दुकानात जा.

राग आधी सगळा सेंटरवर होता. पण ॲप सगळं फक्त टॅबमध्येच ठेवतं, खातं नाही, दुसरीकडे कुठे प्रत नाही. लहान मुलांचे आवाज कुणाच्या सर्व्हरवर जात नाहीत हे चांगलंच आहे, आणि मला ते तसंच हवंय. तरी व्हिडिओ काढायचं एक बटण दिलं असतं, तर शिक्षकाने महिन्याला मेमरी कार्डावर प्रती काढून ठेवल्या असत्या. शेअरच्या वाटेने एकेक फाइल बाहेर काढता येते, हे खरं. ते मी आधी केलं नाही, ही चूक माझी. आता दर शनिवारी ब्लूटूथने एका टॅबमधल्या फाइल दुसऱ्यात टाकते. तुमच्याकडे एकच टॅब असेल तर आजच स्वतःच्या फोनवर घेऊन ठेवा.

घ्यावं का? पहिली ते तिसरीला हो, नक्की. फक्त टॅब अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा बघा, म्हणजे धान्याच्या खोलीची गरज पडणार नाही.

१७ व्हिडिओही माझ्याकडे राहिले नव्हते, फोन भरला म्हणून मी पाठवून झाल्यावर पुसले होते. पालकांना एकेक करून विचारलं. ११ परत आले, शेळीचा त्यात आहे. बाकी ३२ गेल्या. त्यातल्या ९ मुलं पुन्हा करताहेत. उरलेल्यांना तीच गोष्ट परत करायची नाही, आणि मीही आग्रह धरलेला नाही. बोकडाचं नाव अजून ठेवायचंय.