रायझेन ५ २६०० आणि बी४५० बोर्ड: बायोस अपडेट करावा का? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात मी एक सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, खरिपात पीक विम्याचे अर्ज, अशी कामे दोन संगणकांवर होतात. दोन्हींत एकाच मॉडेलचा बी४५० मदरबोर्ड आहे आणि दोन्हींत सुरुवातीला रायझेन ५ २६०० हा २०१८ सालचा प्रोसेसर होता. यंदा एका यंत्रात रायझेन ५ ५६०० बसवला आणि त्यासाठी त्याचा बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम, शेवटच्या आवृत्तीपर्यंत नेला. दुसऱ्यातला २६०० आणि त्याचा जुना बायोस मात्र जाणीवपूर्वक तसाच ठेवला. एकाच खोलीत, एकाच विजेवर, सारख्याच कामाला ही दोन्ही यंत्रे महिनोन्महिने चालल्यावर माझे मत पक्के झाले आहे: प्रोसेसर जुनाच ठेवायचा असेल, तर केवळ नवी आवृत्ती आली म्हणून बायोसला हात लावू नये.

या मताचे पहिले कारण बोर्डाच्या डाउनलोड पानावरच मिळते. नव्या आवृत्त्यांसमोर बारीक अक्षरांत सूचना असते की पिनॅकल रिज, रेव्हन रिज, समिट रिज किंवा ब्रिस्टल रिज प्रोसेसर असल्यास ही आवृत्ती टाकणे योग्य नाही. अडचण अशी की खोक्यावर फक्त २६०० असे लिहिलेले असते, आणि त्याच प्रोसेसरचे अंतर्गत नाव पिनॅकल रिज आहे हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. ही सूचना लिहिणाऱ्यांनी मॉडेलचे क्रमांक दिले असते तर अनेकांचा गोंधळ टळला असता.

सूचनेमागचे कारण साधे आहे. या वर्गातल्या बहुतेक बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची असते. प्रोसेसरच्या प्रत्येक पिढीसाठी लागणारा कोड त्याच चिपमध्ये बसवावा लागतो आणि एएम४ सॉकेटवर (या बोर्डांवर प्रोसेसर बसतो त्या जागेवर) तर २०१७ पासून पिढ्यांमागून पिढ्या आल्या. मे २०२० मध्ये रायझेन बनवणाऱ्या एएमडीने आधी ५००० मालिका (५६०० याच मालिकेतला) जुन्या बोर्डांवर चालणार नाही असे सांगितले आणि त्याच महिन्यात निर्णय बदलून बी४५० व एक्स४७० बोर्डांना परवानगी दिली. मात्र त्यासाठीचा बायोस जागा मोकळी करण्यासाठी अनेक जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकेल आणि मागे परतण्याची सोय असणार नाही, हेही तेव्हाच स्पष्ट केले. म्हणजे या बोर्डांवरची शेवटची आवृत्ती ही मुळात नव्या प्रोसेसरसाठी केलेली सोय आहे. २६०० वापरणाऱ्याला तिच्यातून वेग मिळण्याचे कारण नाही.

सुरक्षेचा मुद्दा मी अधिक गांभीर्याने तपासला, कारण आमच्याकडे लोक प्रिंट काढायला दिवसभर पेनड्राइव्ह घेऊन येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालेली, एएमडीच्या प्रोसेसरांमधली सिंकक्लोज ही त्रुटी सर्वांना आठवत असेल. तिची दुरुस्ती रायझेनच्या ३००० आणि त्यापुढच्या मालिकांना मिळाली, १००० व २००० मालिकांना मिळाली नाही. त्यामुळे त्या कारणासाठी २६०० वर बायोस बदलण्यात अर्थ उरत नाही. डिसेंबर २०२३ मधली लोगोफेल ही त्रुटी मात्र बूटच्या वेळी दिसणाऱ्या चित्राच्या हाताळणीत, म्हणजे बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (बायोसमध्येच) होती, आणि तिच्यासाठी नवी आवृत्ती उपयोगी पडते हे मान्य करायला हवे. या दोन्ही त्रुटींचा गैरफायदा घेण्यासाठी हल्लेखोराला आधी यंत्रावर मोठे अधिकार मिळवावे लागतात. म्हणून २६०० वाल्या यंत्रावर रोजचे काम आम्ही अॅडमिन नसलेल्या खात्यातून करतो आणि पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडत नाही. आमच्या कामाला हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा विंडोज ११ साठी बायोस बदलावाच लागेल असे अनेकांनी सांगितले. आमच्या बोर्डावर तसे झाले नाही. २६०० हा विंडोज ११ च्या यादीत आहे आणि जुन्या बायोसमध्येही एफटीपीएमचा (विंडोज ११ ला लागणाऱ्या, प्रोसेसरमधल्याच सुरक्षा सोयीचा) पर्याय होता, फक्त तो बंद ठेवलेला होता. तो चालू केल्यावर काम झाले. एफटीपीएममुळे काही यंत्रे क्षणभर अडखळतात हे एएमडीने २०२२ मध्ये मान्य केले होते आणि त्यावरची दुरुस्ती एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ पासून आली. आमच्या २६०० वर असे अडखळणे दिसले नाही. ज्यांना आवाज तुटणे, माउस थबकणे असा त्रास होतो, त्यांच्यासाठी हे अपडेटचे खरे कारण ठरते; पण त्यांनीही आपला प्रोसेसर ज्यात चालतो अशी, ही दुरुस्ती असलेली मधली आवृत्ती शोधावी.

आता प्रत्यक्ष अपडेटविषयी. आमच्या बोर्डावर प्रोसेसरशिवाय फ्लॅश करण्याचे, म्हणजे नवा बायोस चिपवर लिहिण्याचे, बटण नाही, त्यामुळे २६०० जागेवर असतानाच बायोस बदलावा लागला. खेड्यात खरी भीती लाइटची असते. घरचा साधा इन्व्हर्टर बदल होताना संगणक कधीकधी रीस्टार्ट करतो, आणि फ्लॅश चालू असताना तसे झाले तर बोर्ड बंद पडू शकतो. म्हणून आदल्या दिवशी यूपीएसवर फक्त मॉनिटर आणि कॅबिनेट ठेवून भिंतीतला प्लग काढला, व्हिडिओ लावला आणि बॅटरी पुरेसा वेळ टिकते याची खात्री केली. मगच फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून, बायोसमधल्याच साधनाने, आधी एक मधली आवृत्ती आणि नंतर शेवटची, अशा क्रमाने काम केले. यंत्र पुन्हा सुरू झाले, २६०० वरही पडदा आला. परंतु पडदा आला म्हणजे तो पुढे नीट चालेलच असे नव्हे, म्हणून लगेच बंद करून ५६०० बसवला.

प्रोसेसर बसवायला यवतमाळहून आलेला मुलगा म्हणाला, "भाऊ, उघडलंच आहे तं दुसऱ्यालेही लेटेस्ट टाकून देतो, पाच मिन्टाचं काम आहे." मी म्हटले, "राहू दे बाबू, त्याचा प्रोसेसर नाही बदलायचा." काम पाच मिनिटांचेच होते, पण मागे परतायची वाट नसलेल्या कामाला वेळ किती लागतो हा प्रश्न नसतो.

अपडेटनंतर सर्व सेटिंग मूळ स्थितीत जातात, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. टास्क मॅनेजरमध्ये ३२०० ची रॅम २४०० वर चालताना दिसली, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग) पुन्हा चालू करावे लागले. पंख्याचे सेटिंगही गेले होते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या भागात ते महत्त्वाचे आहे. विंडोजचा पिनही नव्याने लावावा लागला. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद ठेवणारे साधन) चालू असेल तर अपडेटआधी ते थांबवावे आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर एफटीपीएम बदलल्यावर डिस्क उघडताना तीच की मागितली जाते.

५६०० वाले यंत्र निश्चितच चपळ आहे, मोठ्या पीडीएफ आणि अनेक टॅब एकदम उघडताना फरक जाणवतो. पण तो फरक प्रोसेसरचा आहे. २६०० वाले यंत्र मध्यंतरी मंद झाले तेव्हा घरच्यांनी जुन्या बायोसला दोष दिला होता. उघडून पाहिले तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाच्या हंगामातले तंतू आणि धूळ दाटून बसली होती. ती ब्रशने काढली, पेस्ट बदलली आणि यंत्र पूर्ववत चालू लागले. त्याचा बायोस अजूनही जुनाच आहे. त्याच्या मधल्या आवृत्तीची फाइल एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली आहे आणि सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, म्हणजे उद्या प्रोसेसर बदलायला कोणीही आले तरी कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेल.