गाड्या एकसारख्या असतील तर स्किप सॉल्व्हर घ्याच

सावद्याहून केळीच्या गाड्या कशा भरून पाठवायच्या, हे नियोजन मी करते. कमी खर्चाची भरणी सॉल्व्हर, म्हणजे असं गणित सोडवणारा संगणक प्रोग्राम, शोधतो. गणित मांडायला सोपं आहे: अमुक शेतकऱ्याचा माल अमुक गाडीत असेल तर 1, नसेल तर 0. खरी डोकेदुखी गाड्यांची. 10 गाड्या एकाच मापाच्या, एकाच भाड्याच्या असल्या की एकच भरणी नुसत्या गाड्यांची अदलाबदल करून 36,28,800 प्रकारे लिहिता येते. 'चिनावलचा माल पहिल्या गाडीत नको' असं धरून एक फांदी, म्हणजे शक्यतांचा एक भाग, बंद केली, तरी तोच माल दुसऱ्या गाडीत टाकून तेवढ्याच खर्चाचं उत्तर पुढे उभं राहतं. साधा सॉल्व्हर तेच ते तपासत बसतो.

बर्लिनच्या झुसे इन्स्टिट्यूटमध्ये वाढलेला स्किप ही सममिती, म्हणजे अदलाबदल करूनही गणित तेच राहणं, स्वतः हुडकतो. लॉगमध्ये एक ओळ येते, ती मी आधी वाचते: किती जनक (ज्यांच्यापासून बाकीच्या अदलाबदली बनतात त्या मूळ अदलाबदली) सापडले आणि गटाच्या, म्हणजे एकूण अदलाबदलींच्या, आकाराचा 10 च्या पायाचा लॉगरिदम किती. माल वेगवेगळ्या वजनाचा आणि 10 गाड्या सारख्या असतील, तर तिथे 6.6 दिसायला हवं. मग ऑर्बिटोप कामाला लागतात: 0-1 च्या तक्त्यातल्या गाड्यांच्या स्तंभांना एक ठरावीक क्रम लावायचा आणि त्या क्रमात न बसणारी भरणी बघायचीच नाही. कायबेल आणि फेट्श यांनी 2008 मध्ये मांडलेली ही कल्पना मला फार देखणी वाटते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. 'पहिल्या गाडीत दुसरीपेक्षा जास्त माल' अशा अटी हातानं घालू नका. त्या घातल्या की गाड्या सॉल्व्हरच्या दृष्टीनं सारख्या राहत नाहीत, आणि त्याची स्वतःची, बहुतेक वेळा जास्त तगडी, यंत्रणा नुसती बसून राहते. एका गाडीचं भाडं एक रुपयानं वेगळं लिहिलं तरी ती गाडी सारख्या गाड्यांच्या गटाबाहेर जाते. आकडे भरणाऱ्या पोरांना हे बजावून ठेवा.

2022 च्या अखेरीपासून स्किपचा परवाना अपाचे 2.0 आहे, म्हणजे व्यापाऱ्यालाही फुकट. तीन-चार गाड्यांच्या कामाला एवढा खटाटोप नको, तिथे कोणताही सॉल्व्हर चालतो. पण 6 मोठ्या आणि 4 लहान गाड्या असल्या तरी गटागटातली सममिती उरतेच: 720 गुणिले 24, म्हणजे 17,280. तेव्हा लॉगमध्ये 4.2 दिसतंय का, तेवढं बघा.