फाइलचेकमधलं ‘कॉम:’, आठ महिने वापरल्यानंतर

एलएलव्हीएम हा कंपायलर बनवायचा साधनसंच. त्याच्या टेस्टमध्ये आउटपुटात काय दिसायला हवं ते ‘चेक:’ ओळी सांगतात, आणि फाइलचेक हे साधन ते ताडून बघतं. अशी एखादी ओळ तात्पुरती बंद करायची, तर पूर्वी तिचं नाव बिघडवायचे. पुढे एक एक्स चिकटवायचा नाहीतर ‘फिक्समी-’ जोडायचं. प्रीफिक्सला, म्हणजे ‘चेक’सारख्या शब्दाला, डावीकडून अक्षर, आकडा, हायफन किंवा अंडरस्कोर लागला की फाइलचेक तो मानतच नाही. काम भागायचं, पण ओळ मुद्दाम बंद केली की टाइप करताना बोट घसरलं, हे नंतर वाचणाऱ्याला कसं कळणार? 2020 मध्ये एलएलव्हीएम 11 सोबत ‘कॉम:’ ही कॉमेंटची खूण आली. आता ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारला की बंद ओळी एका झटक्यात हाती लागतात.

नियम एवढाच: ‘कॉम:’च्या उजवीकडे, त्याच ओळीत आलेला चेक-प्रीफिक्स धरायचा नाही. टेस्टची कमांड सांगणाऱ्या ‘रन:’लाही मुळातच हाच नियम आहे, त्यामुळे रन-ओळीतल्या ‘इको’मध्ये ‘चेक:’ आलं तरी बाधत नाही.

खरा फायदा टिपांमध्ये दिसतो. फाइलचेकला भाषेची कॉमेंट समजत नाही. दोन स्लॅश देऊन ‘आधी इथे चेक: ॲड होतं’ असं लिहिलं, तर ते बिचारं आउटपुटमध्ये ‘ॲड होतं’ शोधत बसतं आणि टेस्ट पडते. स्लॅशनंतर ‘कॉम:’ घातलं की ओळ शांत. टीप चार ओळींची असेल तर चारही ओळींना लावा. परिणाम पुढच्या ओळीवर जात नाही. स्लॅश किंवा सेमीकोलन मात्र ठेवावाच लागतो, नाहीतर कंपायलरच ओरडेल.

सगळ्यात जास्त चुका जागेच्या होतात. ‘चेक: रेट कॉम: हे नंतर बघू’ असं लिहिलं तर कोलननंतरचं सगळं पॅटर्नमध्येच जातं. टीप नेहमी वेगळ्या ओळीवर. ‘कॉम-नेक्स्ट:’ असलं काही चालत नाही, प्रत्यय लागला की ती कॉमेंट उरत नाही. इंग्रजी लहान लिपीतलं ‘कॉम:’ही चालत नाही.

साखळीतली पहिली ‘चेक:’ बंद करून खालची ‘चेक-नेक्स्ट:’ (आधीच्या जुळणीच्या लगेच पुढची ओळ तपासणारी) तशीच सोडली, तर ती वरच्या भलत्याच ओळीला जाऊन चिकटते. वर काहीच नसेल तर सरळ एरर येतो, आणि तेच बरं. एका प्रीफिक्सच्या सगळ्याच ओळी बंद केल्या तर नव्या आवृत्त्या तो प्रीफिक्स फाइलमध्ये सापडत नाही म्हणून थांबतात. तेव्हा तो रन-ओळीतूनही काढा.

‘--कॉमेंट-प्रीफिक्सेस’ या ऑप्शनने स्वतःचे शब्द देता येतात, पण ते मूळच्या ‘कॉम’ आणि ‘रन’ या दोन्ही शब्दांची जागा घेतात. म्हणजे ‘रन:’चं संरक्षणही जातं, तेव्हा यादीत तेही लिहा. एलएलव्हीएमच्या स्वतःच्या टेस्टमध्ये याला हात लावू नये, असं कागदपत्रंही सांगतात. जुन्या प्रोजेक्टात ‘कॉम’ हाच चेक-प्रीफिक्स असेल, तर नावं एकमेकांहून वेगळी हवीत या नियमावर अडतं. चेक-प्रीफिक्सचं नाव बदलणं सोपं.

एक गोष्ट मात्र कायम खटकते. ‘कॉम: रन:’ लिहून रन-ओळ बंद होत नाही. ‘कॉम:’ फाइलचेकला कळतं, टेस्ट चालवणाऱ्या लिट या साधनाला नाही. लिट ओळीत कुठेही ‘रन:’ दिसलं की कमांड चालवतं. ‘रन’च्या डावीकडे एक्स जोडूनही सुटका नाही. कोलनच्या आधी जोडा, म्हणजे ‘रनएक्स:’.