देवगिरीची अंधारी आणि ट्वाइन

डिजिटल कथाकथनाच्या तासाला अंबाजोगाईत आम्ही यंदा ट्वाइन वापरले आणि मुलांनी इतक्या आवडीने लिहिलेले मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. वाचकाच्या निवडीनुसार फाटे फुटणाऱ्या कथा लिहिण्याचे, ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेले हे मोफत, मुक्तस्रोत साधन ब्राउझरमध्येही चालते. कथेचे तुकडे चिठ्ठ्यांसारखे पडद्यावर मांडले जातात आणि एखादा शब्द दुहेरी चौकोनी कंसांत लिहिला की त्या नावाची नवी चिठ्ठी बाणाने जोडलेली तयार होते.

मुलांनी विषय निवडला तो देवगिरी किल्ल्यातील अंधारीचा. शत्रूला चकवण्यासाठी केलेला तो काळोखा, वळणावळणाचा मार्ग फाटे फुटणाऱ्या कथेसाठी जणू आयताच तयार होता. एका मुलीने ‘मशाल विझली’ एवढ्याच शब्दांखाली ‘डावीकडे चाचपडा’ आणि ‘जागीच थांबा’ असे दोन पर्याय ठेवले, तेव्हा सगळा वर्ग पडद्याभोवती ओणवून गप्प उभा राहिला. वाचकाला निवड देणे म्हणजे काय, हे मला व्याख्यानातून इतके नेमके सांगता आले नसते.

मात्र ब्राउझरमधून वापरल्यास कथा त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठते आणि त्याची माहिती पुसली गेली की कथाही जाते. त्यामुळे सामाईक संगणकांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक तासाअखेर प्रत उतरवून घेणे अत्यावश्यक आहे. चित्रे व आवाज जोडायला थोडे कोडिंग शिकावे लागते. तयार कथा एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मिळते, म्हणून ती पेनड्राइव्हवर घरी नेऊन इंटरनेटशिवायही उघडता येते, ही सोय आमच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फार मोलाची ठरली.